बाहुल्या हलवून पोट भरतं का?

प्रश्न थोडक्यात असा : विचारणारा मुलगा फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मोबाइलवर मातीच्या बाहुल्यांच्या छोट्या फिल्म करतो. रे हॅरीहाउसन हा त्याचा देव. त्या माणसाने जवळजवळ एकहाती राक्षस, सांगाडे आणि डायनोसॉर हलवत अख्खी कारकीर्द काढली, तशी आज काढता येईल का, की कम्प्युटरने हा धंदा केव्हाच गिळला? आणि घरी वडील विचारतात, ‘यात पोट भरतं का?’ त्यांना काय सांगू?

वडिलांचा प्रश्न आधी घेतो, कारण दोघांत तोच नेमका आहे. पोट भरतं. माझं भरलंय. मुंबईत जाहिरातींसाठी पपेट बनवणं आणि हलवणं हेच माझं काम आहे. पण स्टॉप-मोशनवर, म्हणजे बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची या विद्येवर, भाळलेली मुलं हॅरीहाउसनकडे बघतात ती फक्त त्याची बोटं बघतात. कसब अफाट होतं, त्यात वाद नाही. पण तो जवळजवळ तीस वर्षं मोठ्या पडद्यावर टिकला तो हिशोबामुळे. थोड्या पैशात शॉट कसा बसवायचा हे त्याच्याइतकं त्या काळात कुणाला कळलं नाही. त्याच्या गुरूलाही नाही.

गुरू म्हणजे विलिस ओब्रायन, १९३३ च्या ‘किंग काँग’मधला गोरिला ज्याने हलवला तो. हॅरीहाउसन तेव्हा तेरा वर्षांचा होता. लॉस एंजेलिसमध्ये त्याने तो सिनेमा पाहिला आणि घरी प्राणी बनवायला लागला. त्याचे वडील यंत्रकाम करणारे कारागीर होते. मुलाच्या पपेटच्या आत लागणारे बॉल-सॉकेटच्या सांध्यांचे धातूचे सांगाडे त्यांनी पुढे कित्येक वर्षं स्वतः बनवून दिले. (हे तुझ्या वडिलांना जरूर ऐकव.) हॅरीहाउसनने आपले नमुने ओब्रायनला नेऊन दाखवले तेव्हा शाबासकी मिळाली नाही. तुझ्या स्टेगोसॉरसचे पाय सॉसेजसारखे दिसतात, जा, शरीररचना शिकून ये, असं ऐकावं लागलं. तो गेला आणि खरंच शिकला. अभिनयाचे वर्गही केले. मग निर्माता जॉर्ज पालकडे लाकडी बाहुल्यांच्या लघुपटांवर नोकरी, मग युद्धात लष्करासाठी फिल्म. शेवटी १९४९ च्या ‘मायटी जो यंग’वर ओब्रायनचा मुख्य सहायक. त्यातलं बहुतेक ॲनिमेशन हॅरीहाउसनच्या हातचं आहे. सिनेमाला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

आणि पुढचं काम आलं नाही.

या जागी जरा थांब, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओब्रायनची पद्धत देखणी होती. एकामागे एक काचा, त्यांच्यावर रंगवलेलं जंगल, मधल्या जागेत मिनिएचर झाडं आणि पपेट. चौकटीत खोली अशी यायची की आजही डोळे फिरतात. पण त्यासाठी चित्रकार लागायचे, सुतार लागायचे, मोठी टीम लागायची, आणि एवढा खर्च करायला स्टुडिओ तयार लागायचा. ‘काँग’नंतर ओब्रायनचे बेत एकामागून एक बारगळले. ‘वॉर ईगल्स’ नावाचा मोठा प्रकल्प तयारीच्या टप्प्यावरच बंद पडला. १९६२ मध्ये तो गेला. काउबॉय विरुद्ध डायनोसॉर ही त्याची जुनी कल्पना हॅरीहाउसननेच पुढे १९६९ मध्ये ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’ म्हणून पडद्यावर आणली. गुरूकडे ऑस्कर होतं, काम नव्हतं.

शिष्याने धडा घेतला. १९५३ चा ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ साधारण दोन लाख डॉलरमध्ये झाला. हॉलिवूडच्या तेव्हाच्या हिशोबातही ही रक्कम किरकोळच होती. त्या पैशात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर डायनोसॉर हिंडवायचा होता. काचेवरचे चित्रकार आणि मिनिएचर शहर परवडणार नव्हतं. मग त्याने केलं ते असं. खऱ्या माणसांचं, खऱ्या रस्त्याचं आधी शूट केलेलं चित्र मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फ्रेम पुढे सरकवत प्रोजेक्ट करायचं. त्याच्यापुढे टेबलावर पपेट. पपेट आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक काच. रस्त्याचा जेवढा भाग प्राण्याच्या पुढे दिसायला हवा तेवढा त्या काचेवर काळा करून झाकायचा आणि पपेट हलवत शॉट पुरा करायचा. मग फिल्म कॅमेऱ्यातच मागे घ्यायची, आता नेमका उलटा भाग काळा करायचा आणि मघाशी झाकलेली पट्टी तेवढी त्याच फिल्मवर उतरवायची. झालं. पुढे पळणारी माणसं, मागे इमारती, मध्ये प्राणी. एक खोली, एक प्रोजेक्टर, एक कॅमेरा, एक माणूस. ‘डायनामेशन’ हे भारदस्त नाव १९५८ च्या ‘सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’च्या वेळी निर्माता चार्ल्स श्नीरने जाहिरातीसाठी शोधलं. युक्ती त्याआधीपासून घर चालवत होती.

कंजूसपणाची माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९५५ ची. ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मोडणारा अजस्र ऑक्टोपस आहे. त्याला पाय सहाच. आठ पाय बनवायचे आणि प्रत्येक फ्रेमला आठही हलवायचे, हे बजेटात बसत नव्हतं. प्रेक्षक पूल तुटताना बघत होता, पाय मोजत बसला नाही. उरलेले दोन पाण्याखाली असतील असं ज्याला धरायचं त्याने धरलं. तुझ्यासारखी मुलं असा शॉट बघून म्हणतील, तडजोड केली. माझ्या मते हा निर्णय घेता येणं हीच या धंद्यातली खरी पदवी आहे.

आणखी एक गोष्ट चाहते विसरतात. हॅरीहाउसन कामाला लागायचा तो पटकथा हातात आल्यावर नव्हे, त्याच्या आधी. कोळशाने मोठमोठी चित्रं काढायचा : गुहेच्या तोंडाशी सायक्लोप्स हा एकडोळ्या राक्षस, जिन्यावर तलवार घेतलेला सांगाडा. ती चित्रं घेऊन श्नीर स्टुडिओकडे जायचा. पैसे त्या चित्रांवर मिळायचे आणि कथा त्या प्रसंगांभोवती विणली जायची. म्हणजे महागडा शॉट कुठे येणार, किती वेळ चालणार, त्यात किती प्राणी असणार, हे ठरवणारा माणूस तोच, आणि नंतर अंधाऱ्या खोलीत एकटा बसून तो शॉट करणाराही तोच. आपल्याकडे याच रस्त्याने आधीच एक जण गेला होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पण चित्रपटाला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवून थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेतली, आणि महिनाभराची रोपाची वाढ मिनिटभरात उगवताना दाखवली. ती पाहून भांडवलाची गाडी हलली. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवणारी फिल्मही केली. भारतात फ्रेम-फ्रेम हलवण्याच्या विद्येची सुरुवात ही अशी, पैसे उभे करायला.

आता सांगाड्यांच्या प्रसंगाकडे येतो, नाहीतर तू म्हणशील याने मूळ गोष्ट टाळली. १९६३ चा ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’, तीन माणसं विरुद्ध सात सांगाडे. प्रत्येक सांगाड्याचे दोन हात, दोन पाय आणि डोकं धरलं तर एका फ्रेमला पस्तीस हालचाली. त्यात माणसांच्या तलवारी आधीच शूट झालेल्या, त्यांचा वार कुठल्या फ्रेमला कुठे पडतो ते ठरलेलं, त्याच फ्रेमला सांगाड्याची ढाल तिथे पोचलीच पाहिजे. आज मागची फ्रेम स्क्रीनवर परत बघता येते. त्याला ती सोय नव्हती. यंत्रशाळेत वापरतात ते सरफेस गेज, म्हणजे जड बुडाच्या दांडीवरचा सुईसारखा काटा, कोपरापाशी किंवा गुडघ्यापाशी टेकवून ठेवायचा, पपेट हलवायचं, काट्यापासून किती सरकलं ते बघायचं, काटा बाजूला घ्यायचा, फ्रेम घ्यायची. काही दिवशी तेरा फ्रेम व्हायच्या. सेकंदाला चोवीस, म्हणजे दिवसाचं काम अर्ध्या सेकंदाच्या आसपास. एवढा एक प्रसंग साडेचार महिने चालला. आणि त्या सातांपैकी एक सांगाडा नवा नव्हता, ‘सिंदबाद’मधलाच पुन्हा कामाला लावला होता. हिशोब तिथेही सुटला नाही.

जाता जाता, १९७३ च्या ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत होऊन नाचते आणि सहा तलवारींनी लढते. पुराणकथेची पार भेळ आहे, आपल्याकडच्या माणसाला हसू येतं. पण नाचाची आखणी त्याने भारतीय नर्तकीकडून करून घेतली होती आणि ते दिसतं. मूर्ती धातूची आहे हे वजन एका क्षणासाठीही सुटत नाही. वेळ काढून तो प्रसंग आवाज बंद करून बघ.

१९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’नंतर त्याने काम थांबवलं. स्वतःच्या नावावरच्या एकाही सिनेमाला इफेक्ट्सचं साधं नामांकन मिळालं नव्हतं. १९९२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला गॉर्डन सॉयर पुरस्कार दिला, तो निवृत्तीनंतर.

म्हणजे ‘कम्प्युटरने गिळलं’ हे त्याच्या बाबतीत खरं नाही. तो कम्प्युटर यायच्या आधीच थांबला होता. गिळलं जाण्याची पाळी आली ती पुढच्या पिढीवर, आणि तिथे फिल टिपेटची कारकीर्द तुझ्या जास्त उपयोगाची आहे. हा लहानपणी ‘सेव्हन्थ व्हॉयेज’ बघून बिघडलेला. सुरुवात जाहिरातींत, मग १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला बुद्धिबळासारखा प्राण्यांचा पट, ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली बर्फातली चालणारी यंत्रं. स्टॉप-मोशनची जुनी दुखरी जागा अशी : खऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमचा प्रकाश सेकंदाच्या साधारण अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वेळ आत येतो आणि तेवढ्यात हात हलला तर तो किंचित पुसट उमटतो. पपेट मात्र फ्रेम घेताना स्तब्ध असतं, म्हणून प्रत्येक फ्रेम धारदार आणि चाल तुटक. टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पपेटला दांड्या आणि मोटरी जोडल्या, शटर उघडं असतानाच ते किंचित हलवलं आणि हवा तो पुसटपणा मिळवला. हे ‘गो मोशन’. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मधला ड्रॅगन त्याने हलवलेला आहे.

‘जुरासिक पार्क’चे डायनोसॉर याच पद्धतीने व्हायचे होते. तयारी चालू असताना इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीतल्या मंडळींनी कम्प्युटरवर चालवून दाखवलेला डायनोसॉर सगळ्यांनी पाहिला. ‘मी नामशेष झालो’ अशा अर्थाचं टिपेट बोलला आणि दिग्दर्शक स्पीलबर्गने ते वाक्य उचलून सिनेमातल्या पात्राच्या तोंडी घातलं. किस्सा सगळे इथपर्यंतच सांगतात. पुढचं असं की टिपेटला कुणी घरी पाठवलं नाही. कम्प्युटरवाल्यांना पृष्ठभाग बनवता येत होते, पण काही टनांचा प्राणी वळताना आधी कुठला भाग हलतो, भक्ष्याकडे बघताना मान किती वेळ थांबते, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या स्टुडिओत धातूच्या सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यावर सेन्सर बसवले गेले. ॲनिमेटरने हाताने सांगाडा हलवायचा, कोन कम्प्युटरमध्ये जायचे, आणि पडद्यावरचा डायनोसॉर तसा हलायचा. सिनेमाच्या इफेक्ट्सचं ऑस्कर ज्या चौघांना मिळालं त्यात टिपेट होता. पुढे त्याचाच स्टुडिओ कम्प्युटर ॲनिमेशनकडे वळला आणि १९९७ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मधल्या कीटकांच्या झुंडी त्यांनी केल्या. अशा कमाईच्या कामांच्या सावलीत त्याचा ‘मॅड गॉड’ हा स्वतःचा स्टॉप-मोशन चित्रपट १९९०च्या सुमारास सुरू झाला, वर्षानुवर्षं अडगळीत पडला, मग लोकवर्गणी आणि हौशी मदतनिसांच्या जिवावर २०२१ मध्ये पूर्ण झाला. रोजी एका कामातून, जीव दुसऱ्यात. आपल्याकडे गायक-वादक हेच करत आलेत, त्यात कमीपणा कसला?

तर आज काय आहे? पूर्ण लांबीच्या स्टॉप-मोशन चित्रपटांची कामं ब्रिस्टलच्या आर्डमनकडे, अमेरिकेत ओरेगनमधल्या लायकाकडे आणि मोजक्या ठिकाणी. २०२२ च्या ‘पिनोकियो’ला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, त्याच्या आधी लायकाच्या ‘कुबो’ला चक्क व्हिज्युअल इफेक्ट्सचं नामांकन मिळालं होतं. तिथे शिरणं अवघड आहे, अशक्य नाही. भारतात मुख्य गिऱ्हाईक जाहिरात. अमरॉन बॅटरीच्या मातीच्या बाहुल्या तुझ्या आईवडिलांना आठवतील, त्या मुंबईतच झाल्या. मुंबईच्या ईकसॉरस स्टुडिओचा ‘टोकरी’ हा लघुपट जाहिरातींच्या कामातून वेळ काढत वर्षानुवर्षं चालला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही पुन्हा टिपेटचाच मार्ग.

जाहिरातीचं गणित मांडून दाखवतो, म्हणजे वडिलांशी बोलताना हातात काहीतरी राहील. वीस सेकंदांची फिल्म म्हणजे ४८० फ्रेम. बहुतेक काम ‘ऑन टूज’ चालतं, एका पोझच्या दोन फ्रेम, म्हणजे २४० पोझ. साधा शॉट, एक पपेट, चांगला हात असेल तर दिवसाला चार-पाच सेकंद निघतात, म्हणजे शूट चार-पाच दिवसांचं. ऐकायला सोपं. पण पपेटचा सांगाडा, कातडी, बदलायची तोंडं, सेट, प्रॉप्स यांना काही आठवडे लागतात, आणि नवशिका कोटेशन देतो ते फक्त शूटच्या दिवसांचं. दुसरा खड्डा म्हणजे बदल. कम्प्युटर ॲनिमेशनमध्ये क्लायंट म्हणतो हात जरा वर घ्या, आणि हात वर जातो. इथे हात वर घ्यायचा म्हणजे शॉट पहिल्यापासून. म्हणून ॲनिमॅटिक, म्हणजे चित्रं जोडून केलेला कच्चा आराखडा, लेखी मंजूर झाल्याशिवाय मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. त्यानंतरच्या बदलाचा दर आधीच ठरलेला असतो.

उरलेला खर्च हवामान आणि वीज खातात. मे महिन्यात दिव्यांखाली प्लॅस्टिसिन, म्हणजे बाहुल्यांची न वाळणारी माती, लोण्याच्या वळणावर जातं, म्हणून एसी चालू ठेवावाच लागतो. पण त्याच्या झोताने कागदी पानं हलतात, तेव्हा झोत वळवायला पुठ्ठे लावा. व्होल्टेज वरखाली झालं की फिल्म लुकलुकते, स्टॅबिलायझर घे. खिडकी काळ्या कापडाने बंद, आणि स्वतः काळे कपडे घालून उभं राहा, पांढऱ्या शर्टावरून उडालेला प्रकाश प्रत्येक फ्रेमला वेगळा पडतो. मोबाइल सोडून जुना का होईना डीएसएलआर घे आणि त्यावर ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, हाताने फिरवून ठरवायची जुनी लेन्स लाव. आधुनिक लेन्स प्रत्येक फोटोला ॲपर्चर उघडझाप करते आणि दर वेळी केसभर चुकते. सुरुवातीचं आर्मेचर, म्हणजे पपेटच्या आतला सांगाडा, ॲल्युमिनियमच्या पिळलेल्या तारेचं आणि एम-सीलचं पुरेसं आहे. तार मोडते ती बहुधा घोट्यात, म्हणून पाय बदलता येईल असा कर.

शिकायचं म्हणशील तर अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशनचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तरी ओब्रायनचा सल्ला फुकट उपलब्ध आहे. सकाळी मार्केट यार्डात जाऊन उभा राहा आणि पोतं उचलणारा हमाल बघ. पाय उचलण्याआधी कंबर कुठे जाते, पाठीवर वजन आल्यावर पहिलं पाऊल केवढं पडतं. मग तेच पपेटकडून करून घे, रिकाम्या पोत्याने आणि भरलेल्या पोत्याने, बाकी काही न बदलता. बघणाऱ्याला फरक न सांगता कळला की तुला ॲनिमेशन येतं. त्याच्या जोडीला कम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं कम्प्युटरवर एका चौकटीत जुळवणं, शिक. उडी मारणाऱ्या पपेटला मागून दांडीचा आधार असतो, ती दांडी चित्रातून पुसावी लागते, आणि हे ज्याला स्वतःला येतं त्याचं कोटेशन कमी बसतं. हॅरीहाउसन काचेवर काळा रंग लावत होता तेच काम आज या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस, पण वडील विचारतील. ‘मातीसारखं दिसणारं’ चित्र आता मशीन बनवून देतं, आणि ज्या क्लायंटला तेवढंच हवं होतं तो आमच्याकडून गेला आहे. जो राहिला त्याला खरी वस्तू हवी असते : शूटचे पडद्यामागचे व्हिडिओ, दुकानात मांडायला मूळ पपेट, बोटांचे ठसे दिसणारी माती. कोटेशनमध्ये आता या गोष्टी मी वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्यांचे पैसे लावतो.

वडिलांना सांग, पगार ठरलेला नसेल, काही महिने कोरडे जातील, आणि पहिली दोनेक वर्षं दुसऱ्याच्या सेटवर गवत चिकटवण्यात जातील. त्यासाठी शोरील, म्हणजे आपल्या कामाचे नमुने जोडलेली फिल्म, लागेल, मिनिटभराची. वजनाचा एक शॉट, दोन पपेटमधला संवादाविना एक प्रसंग, आणि तू बनवलेल्या आर्मेचरचे फोटो. संगीत नको, टायटल नकोत. प्रत्येक शॉटखाली लिही की त्यात तू काय केलंस, किती दिवसांत केलंस आणि त्याला किती खर्च आला. हा शेवटचा आकडा लिहिणारी मुलं फार कमी असतात, आणि मी शोरील बघताना आधी तोच शोधतो.